स्वतःला क्षमा करण्याआधी

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावूरच्या एका मराठी ब्राह्मण विधवेने ख्रिस्ती होण्याची इच्छा व्यक्त केली आणि मिशनऱ्याने तिला नकार दिला. तो मिशनरी म्हणजे क्रिस्टियन फ्रेडरिक श्वार्ट्झ. ही बाई लिटलटन नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याजवळ राहत होती. त्याने तिला नवऱ्याच्या चितेवर जाण्यापासून वाचवले, अशी कथा परंपरेने चालत आली आहे. ए. माधवैया यांनी १९१५ साली तिच्यावर इंग्रजी कादंबरी लिहिली, तेव्हापासून ती कथा अधिकच रंगली. तिला इंग्रजी शिकवले लिटलटननेच आणि येशूची ओळखही त्याच्याकडूनच झाली. लग्न करीन असे त्याने तिला सांगितले होते, पण ते झाले नाही. लग्नाविना एका पुरुषाजवळ राहणाऱ्या बाईला बाप्तिस्मा कसा द्यायचा, असा श्वार्ट्झचा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर त्याच्यापुरते ठरलेले होते. पुढे लिटलटन पाळयंकोट्टै इथल्या छावणीत गेला, ही त्याच्याबरोबर गेली आणि तो तिथेच वारला. १७७८ साली श्वार्ट्झ त्या बाजूला गेला तेव्हा तिने पुन्हा विचारले. या वेळी त्याने बाप्तिस्मा दिला. तिचे नाव क्लॅरिंडा झाले.

पहिला नकार आणि नंतरचा होकार यांच्यामध्ये जो काळ गेला, त्यात त्या बाईने स्वतःविषयी काय मानायचे होते? देव क्षमाशील आहे हे तिला शिकवले गेले होते. पण त्या क्षमेचे चिन्ह तिच्यापासून दूर ठेवले गेले. आज चर्चमध्ये, समुपदेशकाच्या खोलीत, उपवासकाळातल्या प्रवचनांत ‘स्वतःला क्षमा करायला शिका’ हे वाक्य सारखे ऐकू येते. ज्यांच्या मनाला जुना दोष वर्षानुवर्षे टोचत राहतो त्यांच्यासाठी ते बोलले जाते आणि बोलणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. तरीही हे वाक्य कोणाला सांगावे आणि कोणाला अजिबात सांगू नये, याचा विचार पुरेसा होत नाही. तो करायला तंजावूरसारखी जागा नाही. मराठी माणसाला हे शहर बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेल्या भोसले वंशाच्या लेखामुळे आणि सरस्वती महालातल्या मोडी कागदांमुळे आपले वाटते. दक्षिणेतल्या प्रोटेस्टंट ख्रिस्ती जीवनाच्या जुन्या केंद्रांपैकीही ते एक आहे. राजे मराठी, रयत तमिळ आणि धर्मगुरू जर्मन अशा गावात दोषाचा आणि क्षमेचा हिशेब कधीच सोपा नव्हता.

आधी श्वार्ट्झची बाजू. तो कोत्या मनाचा माणूस नव्हता. १७२६ साली जर्मनीत जन्मलेला हा माणूस १७५० मध्ये तरंगंबाडीला उतरला आणि १७९८ मध्ये तंजावूरला देह ठेवीपर्यंत परत गेला नाही. त्याने लग्न केले नाही. हैदर अलीच्या स्वारीच्या आणि दुष्काळाच्या वर्षांत शेतकरी सरकारला धान्य द्यायला तयार नव्हते, पण श्वार्ट्झच्या शब्दावर देत होते. तुळजाराजांनी आपला दत्तक मुलगा सरफोजी त्याच्या देखरेखीखाली ठेवला. सरफोजीराजे शेवटपर्यंत हिंदूच राहिले, पण आपल्या या गुरूसाठी त्यांनी लंडनच्या जॉन फ्लॅक्समनकडून संगमरवरी शिल्प करवून घेतले. मृत्युशय्येवरचा श्वार्ट्झ आणि शेजारी उभा तरुण राजा असे ते शिल्प तंजावूरच्या किल्ल्यातल्या चर्चमध्ये आजही आहे. इतका विश्वास ज्याने कमावला त्याने एका असहाय बाईला परत पाठवले, याला कारण त्याच्या घडणीत सापडते. जर्मनीतल्या हाले इथल्या लुथरन पंथीयांमध्ये तो घडला होता. पश्चात्ताप जगण्यात दिसला पाहिजे, तोंडाने बोललेल्याला अर्थ नाही, हा त्या मंडळींचा आग्रह. तंजावूरच्या छावणीत इंग्रज अधिकारी देशी बायका ठेवत, त्यांना टाकून जात. अशा संबंधावर चर्चने पाण्याचे चार थेंब शिंपडून शिक्कामोर्तब केले असते तर पुढच्या प्रत्येक लिटलटनला मोकळे रान मिळाले असते. नियम नसलेल्या जागी सर्वांत आधी दुबळेच चिरडले जातात, हेही खरे.

आता तिची बाजू. लग्नाचे वचन मोडले ते लिटलटनने. ते पाळणे तिच्या हातात नव्हते. सोडून जावे तर कुठे जावे? माहेर-सासर दोन्ही तिला बंद होते, तंजावूरच्या ब्राह्मण आळीत तिच्यासाठी कोणतेही प्रायश्चित्त उरले नव्हते. श्वार्ट्झने जो दोष तिच्या नावावर लावला त्याचा मोठा हिस्सा एका पुरुषाच्या नावावर होता, आणि तो पुरुष ख्रिस्ती म्हणूनच जगत होता. बाप्तिस्मा त्याला लहानपणीच मिळालेला होता. म्हणजे त्याचे चुकले तरी तो आत, आणि तिचे चुकले नसले तरी ती बाहेर. श्वार्ट्झचा नियम मला समजतो, त्यामागचे भयही समजते. पण नियम ज्या व्यक्तीला लावला ती व्यक्ती चुकीची होती, असेच माझे मत आहे. त्याने लिटलटनला गाठायला हवे होते आणि तिला दारात घ्यायला हवे होते.

क्लॅरिंडाचे पुढचे आयुष्य ज्यांना माहीत आहे त्यांना हा मुद्दा अधिक पटेल. पाळयंकोट्टैला तिने छोटी मंडळी जमवली. १७८० च्या नोंदवहीत चाळीस जणांची नावे आहेत, त्यांत पहिले नाव तिचे. तिने आपल्या पैशातून आणि इतरांच्या मदतीने प्रार्थनामंदिर उभे केले, १७८५ मध्ये श्वार्ट्झनेच त्याचे समर्पण केले. तमिळ लोक त्याला पाप्पात्ती अम्माळ कोविल म्हणू लागले, ब्राह्मण बाईचे देऊळ. श्वार्ट्झने तिकडे सत्यनाथन या आपल्या देशी सहकाऱ्याला पाठवले. १७९० साली त्याला पाळकपदाची दीक्षा मिळाली. त्या तिरुनेलवेली भागातल्या मोठ्या ख्रिस्ती समाजाची सुरुवात सांगताना तिथले लोक आजही या मराठी बाईचे नाव आधी घेतात. आपल्याकडे मात्र ते फारसे कोणाला ठाऊक नाही. आपण पापी म्हणून दाराबाहेर राहिलो, हे मनात घेऊन ती बसून राहिली असती तर यातले काही झाले नसते.

इथे एक गोष्ट मांडून ठेवली पाहिजे, कारण भाविक आणि समुपदेशक दोघेही ती विसरतात. नव्या करारात ‘स्वतःला क्षमा कर’ अशी आज्ञा कुठेच नाही. देवाची क्षमा आहे, शेजाऱ्याला क्षमा करणे आहे, पण माणसाने स्वतःच स्वतःचा न्यायाधीश होऊन स्वतःला सोडून द्यावे, असे नाही. प्रेषित पौल करिंथकरांना लिहिताना सांगतो की आपण स्वतःचाही न्याय करत नाही. मनात काही टोचत नाही म्हणून आपण निर्दोष ठरत नाही, न्याय करणारा प्रभू आहे. पौलाने न्यायासन दोन्ही अर्थांनी मोकळे केले. स्वतःला निर्दोष ठरवण्याचा अधिकार त्याने सोडला तसाच स्वतःला कायमचा दोषी ठरवण्याचाही सोडला. योहानाच्या पहिल्या पत्रातही हाच धागा आहे. मन दोष देत असेल तर देव त्या मनापेक्षा मोठा आहे आणि त्याला सारे ठाऊक आहे, असे तिथे सांगितले आहे. ज्याला ‘सारे ठाऊक आहे’ त्याच्यापुढे दोष लपवता येत नाही आणि फुगवताही येत नाही. अपराधी माणूस दोष लपवतो हे सगळ्यांना माहीत असते. तो कधी कधी स्वतःचा दोष फुगवून त्याच्यातच राहतो, हे कमी लोकांच्या लक्षात येते.

पेत्र आणि यहूदा इस्कर्योत यांची तुलना चर्चमध्ये पुष्कळदा होते आणि ती बहुधा यहूदाला झोडपण्यासाठी होते. मला ती वेगळ्या कारणासाठी महत्त्वाची वाटते. दोघांनीही गुरूला दगा दिला. दोघेही कळवळले. यहूदाने तर चांदीची नाणी परत नेऊन दिली, म्हणजे भरपाईचा प्रयत्न पेत्रापेक्षा त्यानेच आधी केला. याजकांनी त्याला उडवून लावले, तुझे तू बघ म्हणून सांगितले. तो एकटा पडला आणि त्याने स्वतःचा निवाडा स्वतःच केला. पेत्र मात्र इतर शिष्यांमध्ये राहिला. पुढे सरोवराकाठी येशूने त्याला तीनदा विचारले, माझ्यावर प्रेम आहे का, आणि प्रत्येक वेळी कळप सांभाळायचे काम सोपवले. नकार तीन, प्रश्नही तीन. पेत्राची चूक तिथे झाकली गेली नाही, पण ती संपली, आणि संपवणारा दुसरा कोणीतरी होता.

म्हणून लुथरन आणि कॅथलिक या दोन्ही परंपरांनी क्षमेचा शब्द माणसाच्या स्वतःच्या तोंडी ठेवला नाही. लुथरन उपासनेत मंडळी पाप कबूल करते आणि पाळक मोठ्याने क्षमा जाहीर करतो. ऐकणाऱ्याला ती बाहेरून कानावर पडावी लागते. वसई आणि गोव्याकडचे कॅथलिक कुमसाराला म्हणजे पापनिवेदनाला जातात, तिथेही धर्मगुरूच्या तोंडून ती यावी लागते. आपल्याकडच्या प्रायश्चित्त विधीतही हेच शहाणपण होते: कृच्छ्र केले, दान दिले, पंक्तीला बसवून घेतले की प्रकरण मिटले, मग कोणी ते उकरायचे नाही. दोषाला शेवट असावा आणि तो चारचौघांत जाहीर व्हावा, ही गरज सगळ्या समाजांना कळलेली आहे. आजच्या माणसाकडे ना पंक्ती उरली ना कुमसारावरचा विश्वास, आणि म्हणून त्याला एकट्याने आरशासमोर उभे राहून स्वतःला माफ करायला सांगितले जाते. ते बहुतेकांना जमत नाही. जमले नाही की त्याचाही दोष वाटू लागतो.

हा भाग समुपदेशकांच्या बाजूने मोजायला हवा, कारण त्यांच्या वाक्याने खरोखर जीव वाचतात. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली तेव्हा वेळांकण्णीला नाताळसाठी जमलेले यात्रेकरू किनाऱ्यावर होते. वेळांकण्णी तंजावूर धर्मप्रांतात येते, आणि नागपट्टिणम जिल्हाही १९९१ पर्यंत तंजावूर जिल्ह्याचाच भाग होता. त्या एका जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक माणसे गेली. जे वाचले त्यांच्यात मुलाचा हात सुटलेले आईबाप होते, सकाळी समुद्रावर फिरायला चला म्हणून घरच्यांना घेऊन गेलेली माणसे होती. त्यांचे काय चुकले होते? काहीच नाही. तरीही अशा प्रसंगानंतर माणूस स्वतःलाच दोषी ठरवतो, कारण आपण काही करू शकत नव्हतो हे मान्य करण्यापेक्षा आपण काही चुकलो हे मान्य करणे मनाला सोपे जाते. दोष असला तर निदान जगात काही अर्थ उरतो. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेची पथके तेव्हा किनाऱ्यावर लोकांशी बोलत फिरली. माणसाला बोलू देणे, पुन्हा पुन्हा सांगू देणे, हेच त्या कामाचे मर्म होते. अशा माणसाला पापाची कबुली द्यायला लावणारा धर्मगुरू घातच करील. इथे क्षमेचा प्रश्नच उद्भवत नाही. ज्याने काही केले नाही त्याने स्वतःला माफ कसे करायचे? त्याला हवी असते ती सुटका, आणि शोक करण्याची मोकळीक.

दोष नसलेल्याच्या डोक्यावर दोष बसतो, याचे दुसरे उदाहरण मराठी मुलखातले आहे आणि ते अधिक अवघड आहे. पंडिता रमाबाईंचे आईवडील १८७४ च्या सुमारास दक्षिणेतल्या दुष्काळात उपासमारीने गेले. स्वतः रमाबाई १८८३ साली इंग्लंडमधल्या वाँटेजला ख्रिस्ती झाल्या. पण १९०७ च्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की ख्रिस्ती धर्म स्वीकारूनही बरीच वर्षे त्यांच्या मनाला शांती नव्हती. तारण आपल्या प्रयत्नाने मिळवायचे नसून ते दिले जाते, हे त्यांना १८९१ च्या सुमारास उमगले. रमाबाईंच्या बुद्धीची, शास्त्रार्थ करणारी बाई आपल्या मनापुढे हात टेकते, हे वाचताना अजूनही थरारायला होते. आयुष्यभर नियम, व्रत, वाद यांत स्वतःला सिद्ध करत आलेल्या माणसाला ‘आता सिद्ध करायचे काही नाही’ हे ऐकणे किती अवघड असते, ते त्या प्रांजळपणे सांगतात.

मग १९०५ साली रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ति सदनात जागृतीची लाट आली. शेकडो मुली रडत, ओरडत, आपली पापे कबूल करत होत्या. काहींनी तासन्‌तास प्रार्थना केली. या मुली कोण होत्या? बालविधवा, दुष्काळात उचलून आणलेली अनाथ पोरे, ज्यांच्यावर आधी इतरांनी अन्याय केला होता अशा मुली. त्यांच्या त्या आक्रोशाकडे मी दोन मनांनी पाहतो. एकीकडे, ज्यांना आजवर कोणी माणूस म्हणून मोजले नाही त्यांनी ‘मी पाप केले’ असे म्हणण्यात एक मान आहे. दोष कबूल करणारा स्वतःला कर्ता मानतो, आणि विधवा म्हणून जन्मभर नशिबाचा बळी ठरवलेल्या मुलीला कर्तेपण मिळणे ही थोडी गोष्ट नाही. दुसरीकडे, तिच्या आयुष्यात जे घडले त्यातले किती तिचे होते आणि किती तिच्यावर लादलेले, हे वेगळे करायला त्या लाटेत वेळ मिळाला असेल का? भावनेच्या पुरात निवाडा नीट होत नाही. रमाबाईंच्या बाजूने एवढे म्हटले पाहिजे की त्यांनी त्या मुलींना रडायला लावून सोडून दिले नाही. छापखाना, शेती, विणकाम, शिकणे-शिकवणे, बायबलच्या मराठी भाषांतराची जुळणी, यांत त्यांचे आयुष्य गुंतवले. ज्या हातांना काम मिळाले त्यांना आपण टाकाऊ नाही हे रोज कळत गेले. कबुलीपेक्षा या कामाने त्या सावरल्या, असा माझा कल आहे. अर्थात त्यांच्यातल्या पुष्कळ जणींना हे पटले नसते. त्यांनी येशूचे नाव घेतले असते.

येथवर ज्यांचा विचार केला त्या सगळ्यांच्या बाबतीत समुपदेशकांचे वाक्य थोडे सुधारून घेतले की पुरते. आता ज्यांचे खरोखर चुकले आहे त्यांच्याकडे वळू. इथे मी त्या वाक्याच्या विरोधात आहे.

जक्कय जकातदार होता. येशू त्याच्या घरी गेला तेव्हा त्याने उभे राहून सांगितले की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला लुबाडले त्याला चौपट परत करतो. त्यानंतरच येशू म्हणतो की आज या घराला तारण मिळाले. प्रभूच्या प्रार्थनेतही क्षमेसाठी ऋणाची भाषा आहे. आणि ऋण म्हटले की धनको आलाच. सावकाराच्या वहीत आपल्या नावावर रक्कम असताना घरी बसून ‘मी माझे देणे माफ केले’ म्हटल्याने ती रक्कम फिटत नाही. ज्याला लुबाडले, ज्याला मारले, जिला फसवले, ती व्यक्ती जिवंत असेल तर पहिला शब्द तिचा. देवाकडे जाण्याचा रस्ता तिच्या दारावरून जातो. डोंगरावरच्या प्रवचनात येशू नेमके हेच सांगतो: अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करायला जा. डीट्रिख बोन्हॉफर या जर्मन धर्मशास्त्रज्ञाने १९३७ साली स्वस्त कृपेवर जो प्रहार केला तोही याच ठिकाणी. पश्चात्ताप आणि कबुली यांच्याशिवाय क्षमा वाटत सुटलेली चर्चे त्याने नाझी जर्मनीत पाहिली होती. हाले इथल्या ज्या आग्रहाने क्लॅरिंडाला दाराबाहेर ठेवले, तोच आग्रह इथे योग्य ठरतो. आधी मी श्वार्ट्झला दोष दिला, पण त्याच्या हातातले माप चुकीचे नव्हते. ते ज्याला लावायचे त्याला लावले नाही, एवढीच तक्रार.

धनको जिवंत नसला तर? एव्हरेट वर्दिंग्टन हे अमेरिकन ख्रिस्ती मानसशास्त्रज्ञ आयुष्यभर क्षमेवर संशोधन करत आले. त्यांच्या आईचा १९९६ च्या नववर्षाच्या सुमारास घरात घुसलेल्या चोराच्या हातून खून झाला आणि त्या मारेकऱ्याला वर्दिंग्टन यांनी क्षमा केली. आईचे प्रेत आधी पाहणारा त्यांचा भाऊ त्या धक्क्यातून सावरला नाही. २००५ मध्ये त्याने आत्महत्या केली. मानसशास्त्र शिकवणाऱ्या भावाला सख्ख्या भावाला वाचवता आले नाही, ही खंत वर्दिंग्टन यांना मारेकऱ्याच्या क्षमेपेक्षा जड गेली. त्यातून त्यांनी पुढे स्वतःला क्षमा करण्यावर पुस्तक लिहिले. त्यात ते देवाची क्षमा घेणे आणि तुटलेली नाती सांधणे या पायऱ्या आधी ठेवतात, मनाची सुटका नंतर येते. मला हा क्रम प्रामाणिक वाटतो. मेलेल्याकडे क्षमा मागता येत नाही, पण त्याच्या मागे राहिलेल्यांसाठी काही करता येते, आणि जे आपल्या हातात नव्हते ते वेगळे करून ठेवता येते. एवढे केल्यावरही खंत उरते. ती उरू द्यावी. खंत आणि शिक्षा एक नव्हेत, आणि भावाची आठवण सुखद झाली नाही म्हणून कोणी अपराधी ठरत नाही.

सर्वांत कठीण प्रकरण माझ्या मते एकट्या माणसाचे नाही, मंडळीचे आहे. ते तंजावूरचेच आहे. श्वार्ट्झच्या काळात तिथल्या चर्चमध्ये वेल्लाळ आणि इतर वरच्या जातींचे ख्रिस्ती एका बाजूला बसत, अस्पृश्य मानलेल्या जातींचे दुसऱ्या बाजूला. प्रभुभोजनातही क्रम होता. श्वार्ट्झने ते चालू दिले. माणसे हळूहळू बदलतील, सक्ती केली तर तुटतील, असा त्याचा हिशेब होता. पुढे नव्या पिढीच्या मिशनऱ्यांनी ते मोडायला सुरुवात केली तेव्हा मोठा वाद झाला. श्वार्ट्झच्या हाताखाली वाढलेले, सरफोजीराजांबरोबर शिकलेले तमिळ कवी वेदनायगम शास्त्री त्या नव्या नियमांच्या विरोधात उभे राहिले. १८३३ साली कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी जातिभेद ताबडतोब आणि कायमचा सोडला पाहिजे असे फर्मान काढले, आणि तंजावूरच्या मंडळीतल्या पुष्कळांनी चर्च सोडले. क्लॅरिंडाला ज्या शिस्तीने थांबवले ती शिस्त जातीपुढे थांबली होती. इथे हळूहळू बदल घडवण्याच्या बाजूने बोलणारे आजही भेटतात, आणि ते सगळे वाईट मनाचे नसतात. लोक चर्चमध्येच राहिले नाहीत तर बदलणार कोणाला, हा त्यांचा प्रश्न खोटा नाही. पण चर्चमध्ये दुसऱ्या बाजूला बसलेल्याला किती पिढ्या थांबायचे हे कोणी विचारले होते?

हे जुने झाले म्हणून सोडता येत नाही. तंजावूरहून दीड तासाच्या अंतरावर तिरुचिरापल्लीत एका कॅथलिक दफनभूमीत दलितांच्या आणि इतरांच्या कबरींमध्ये भिंत घातलेली होती आणि ती पाडावी म्हणून दलित ख्रिस्ती कार्यकर्ते वर्षानुवर्षे झगडत आले. डिसेंबर २०१६ मध्ये भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलित सबलीकरणाचे धोरण प्रसिद्ध केले आणि त्यात चर्चमध्ये अस्पृश्यता चालत आल्याचे मान्य केले. इतक्या मोठ्या धर्मसंस्थेने हे कागदावर मान्य करणे ही मोठीच गोष्ट आहे, आणि ती मनापासून झाली असे मी धरून चालतो. पण अशा कबुलीनंतर ‘आता आपण स्वतःला क्षमा करू आणि पुढे जाऊ’ असे एखाद्या मंडळीने ठरवले तर ते कोणाच्या अधिकारात? ज्यांचे आजोबा भिंतीपलीकडे पुरले गेले त्यांनी अजून तोंड उघडलेले नाही, किंवा उघडले तर कोणी ऐकलेले नाही. मंडळीने स्वतःला क्षमा करण्याची ही वेळ नाही. पॅरिश समितीवर, दफनभूमीच्या व्यवस्थेत, शाळांच्या नेमणुकांत आणि धर्मगुरूंच्या बढत्यांमध्ये आधी त्यांना जागा द्यावी लागेल, आणि मग त्यांना काय म्हणायचे आहे ते त्यांच्याच तोंडून ऐकावे लागेल. ते कदाचित क्षमा करतील, कदाचित करणार नाहीत, आणि दोन्ही उत्तरांना मंडळीची तयारी असली पाहिजे.